लेकीसाठी वेगळी ताटली

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिच्या ताटातून गहू कायमचा गेला. खानदेशातल्या घरातून गहू जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे पाहुणा आला की वरण-बट्टी, सण आला की खापरावरची पुरणपोळी, आणि काहीच नसलं तरी शाळेच्या डब्यात तुपाची पोळी. ज्वारीची भाकरी घरोघरी असते, पण ती मोठ्यांनी खायची. लेकरांना पोळीच लागते. माझ्या लेकीला तर वरून साखर भुरभुरलेली लागायची.

त्याआधीचं एक वर्ष आम्ही निव्वळ डॉक्टर बदलण्यात घालवलं. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्या, रोज जुलाब, तोंडावर कळा नाही. कुणी जंताचं औषध दिलं, कुणी टॉनिक. एकाने तर बायकोला ऐकवलं, "मॅडम, पोरीकडे जरा लक्ष द्या." शेवटी नाशिकला दुर्बीण घालून तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं, सिलिॲक. गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने तिच्या आतड्याचं अस्तर झिजत होतं. औषध काही नाही. गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद. डॉक्टर म्हणाले, "सर, चमचाभर नव्हे, कणसुद्धा चालणार नाही. पोळीचा तुकडा भाकरीला लागला तरी तो तिच्या पोटात गेलाच म्हणून समजा."

मी धुळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. कण म्हणजे काय हे मला कळतं, अशी माझी समजूत होती. घरी आल्याबरोबर मी फर्मानं काढायला सुरुवात केली. तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, चाळणी वेगळी. गिरणीत आधी कुणाचे गहू दळलेले असतात म्हणून घरीच छोटी चक्की आणली. हिंगात मैदा असतो हे कळलं त्या दिवशी हिंगाची डबी मी रागाने अंगणात भिरकावली. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मी पाणीसुद्धा फुंकून पीत होतो.

हे सगळं पाळायचं काम मात्र अक्काचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. तिचं सासर शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात. नवरा गेला, मूलबाळ नाही, घरात दीर-जावा आणि त्यांचा संसार. बायकोची नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, सकाळी निघते ती संध्याकाळी परतते. मुलीकडे बघायला घरात माणूस हवं म्हणून मी अक्काला धुळ्याला आणलं. घरात सगळेच तिला अक्का म्हणत, माझी मुलगीसुद्धा. अक्काला ग्लूटेन शब्द कधी म्हणता आला नाही, पण बाकीच्यांच्या पोळ्या लाटून झाल्या की ती कोपरापर्यंत हात धुवायची, लुगडं बदलायची आणि मगच पोरीची भाकरी थापायला बसायची. हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं.

चार-पाच महिन्यांत पोर सावरली. गालावर मांस आलं, जुलाब थांबले. मला वाटलं, जिंकलो.

मधे एकदा शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाचं बिस्कीट तिने खाल्लं. मला ते दप्तरातल्या चुऱ्यावरून कळलं आणि मी तिच्या थोबाडीत मारली. एकदाच, पण जोरात. अक्काने तिला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी बाहेर निघून गेलो. भीतीपोटी मारलं, असं मी बायकोला सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. भीती होतीच. पण माझा राग काही त्या दिवशी जन्माला आलेला नव्हता. शाळेत पोरं माझ्या चपलांचा आवाज ओळखतात.

राहता राहिली ताटं. सगळ्यांची ताटं एकाच घमेल्यात घासली जायची, एकाच घासणीने. पोळीचा कण घासणीला, घासणीचा ताटाला. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो जाईना. केळीच्या पानावर वाढावं असं बायको म्हणाली, तिचं माहेर रावेरकडचं, तिकडे पानांना तोटा नाही. पण धुळ्यात रोज पान कुठून आणायचं? शिवाय बागेवर कसली फवारणी झालेली असेल, हा मला दुसरा घोर. प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या प्लेटा मी घरात येऊच देत नव्हतो, शाळेत त्याविरुद्ध मीच पोरांच्या फेऱ्या काढायचो.

अशात जळगावला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे मला त्या ताटल्या दिसल्या. तपकिरी, जाडसर, हाताला किंचित खरखरीत. स्टॉलवरच्या तरुण माणसाने माझ्यासमोर एकीत कढत चहा ओतला आणि ताटली उचलून धरली. थेंब गळला नाही. "वनस्पतिजन्य आहे सर. मातीत टाका, माती होऊन जाते." मी प्रश्नांची सरबत्ती लावली. आत प्लास्टिकचा थर आहे का? नाही. मेण? नाही. रंग, रसायन? नाही सर, काही नाही. मग बनते कशापासून? "शेतमालाचं जे वाया जातं, त्यापासून." मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांसमोर उसाची चिपाडं आली, आणि मी पुढे विचारलं नाही. विज्ञानाच्या मास्तरने विचारायचं ते सगळं मी विचारलं होतं. बापाने विचारायचं तेवढं राहिलं.

दोन मोठी खोकी घेऊन एसटीने धुळ्याला आलो. दुसऱ्या दिवसापासून लेकीची ताटली वेगळी. रोज दोन, सकाळ-संध्याकाळ. धुवायला नको, कुणाच्या ताटाला लागायला नको, जेवण झालं की तिची तिने कचऱ्याच्या डब्यात टाकायची. शाळेच्या पर्यावरणाच्या कार्यक्रमात मी ती ताटली उंच धरून भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. प्लास्टिकच्या आगीतून सुटून मी फुफाट्यात उभा होतो आणि वर हात हलवत होतो.

दोन महिन्यांनी जुलाब परत सुरू झाले. आधी मी म्हटलं, पाणी बाधलं असेल. मग पोट फुगू लागलं. आंघोळीच्या वेळी बायकोच्या हाताला तिच्या बरगड्या लागू लागल्या. ती संध्याकाळी अभ्यासाला बसायची आणि वहीवरच डोकं टेकून झोपून जायची. रक्त तपासलं, तर या आजारात वाढणाऱ्या अँटिबॉडीची खाली आलेली पातळी पुन्हा वर चढलेली. डॉक्टर म्हणाले, "गहू जातोय सर. कुठून तरी, आणि रोज."

रोज. त्या एका शब्दाने माझी झोप उडाली. मी तिची पेन्सिल तपासली, रंगखडू तपासले, टूथपेस्टच्या कंपनीला पत्र लिहिलं. तिच्या शाळेत जाऊन तिच्या बाईंचा पाणउतारा होईल इतकं बोललो. शेजारणीने प्रसादाचा शिरा दिला असेल म्हणून तिच्याशी भांडण उकरून काढलं. घरात कुणी काही खाऊ लागलं की माझी नजर त्याच्या हातावर. एकदा बायको रडतच म्हणाली, "अहो, आपण जेवतोय, चोरी नाही करत." मला ते ऐकूच आलं नाही.

होळी आली. अक्काने चुलीवर मातीचं खापर पालथं मांडलं आणि बाकीच्यांसाठी पुरणपोळ्या केल्या. खापरावरची पोळी हातावरच मोठी करत न्यावी लागते, रुमालाएवढी पातळ, ते बघणं हाच एक सण असतो. मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. अक्काने तिच्यासाठी तांदळाच्या पिठाची धिरडी केली होती, आत पुरण घातलं होतं. तिने ती आपल्या ताटलीत घेऊन खाल्ली. त्यानंतर दोनच दिवसांत तिला इतका त्रास झाला की अंथरुणातून उठवेना.

आणि माझं डोकं फिरलं. दिवसभर घरात कोण असतं? अक्का. पोरीच्या तोंडाकडे बघून कुणाचा जीव तुटतो? अक्काचा. लपवून एखादा घास कोण भरवेल? मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं. विचारलं कसलं, आरोपच ठेवला.

ती पीठ चाळत होती. चाळणी थांबली. "भाऊ, मी गहूना कण बी दिधा नही तिले. गौराईनी आन."

"मग आभाळातून पडतो का गहू?"

"माले काय माहीत? पन मी दिधा नही."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मूल नसलेल्या बाईला मुलाच्या जिवाची किंमत काय कळणार, हे वाक्य मात्र लिहितो, कारण ते मी बोललो. बायकोने माझा हात धरला, मी झटकला. मुलगी पलंगावर बसून मोठमोठ्याने रडत होती. अक्काने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गप्प झाली. दुपारच्या गाडीने मी तिला शिंदखेड्याला पोचवून आलो. सामान म्हणजे एक पिशवी, तेवढीच.

मग मी घरातून गहू हद्दपार केला. डबे रिकामे, कोठी रिकामी, आम्ही दोघंही भाकरीवर. आता घरात कणच नाही तर जाणार कुठून? माझा हिशेब चोख होता. पण पोर काही सुधारेना. आणखी महिनाभरात ती जिना चढेनाशी झाली. ओठ पांढरे, नखं पांढरी. शेवटी दवाखान्यात ठेवून तिला रक्त चढवावं लागलं. बाटलीतून थेंब थेंब उतरणाऱ्या रक्ताकडे बघत मी खुर्चीवर बसलो होतो आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की ही मरेल. आपल्या डोळ्यांदेखत मरेल, आणि कशाने मेली हेसुद्धा आपल्याला कळणार नाही. मी उठून संडासात गेलो, नळ सोडला आणि ओरडलो. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

तिला घरी आणण्याच्या आदल्या दिवशी मी घर आवरायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या कपाटात ताटल्यांचं दुसरं खोकं होतं. पहिलं संपत आलं होतं म्हणून ते फोडलं. वरची ताटली उचलली तर तिच्याखालून बारीक तांबूस किडे पळाले. पोरकिडे. पुढच्या ताटलीत भोकं, त्याच्या पुढच्या ताटलीत जाळं आणि भुसा.

मी ती ताटली हातात धरून उभा राहिलो. कागदाला पोरकिडे लागत नाहीत. चिपाडालाही लागत नाहीत. पोरकिडे लागतात धान्याला. मी तिथेच फरशीवर बसलो. पिठावर आयोडीन टाकलं की ते काळंनिळं होतं, हा प्रयोग मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला करून दाखवतो. घरातल्या ताटलीवर कधी थेंब टाकला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर तो कळसा मी स्वतः जळगावहून खांद्यावर वाहून आणला होता.

खोक्यावर फोन नंबर होता. तोच तरुण बोलला, आवाजावरून ओळखलं. ताटली कशाची बनवता, असं विचारलं तर त्याला आनंदच झाला. "गव्हाचा कोंडा सर. शुद्ध. दुसरं काहीच नाही. जेवण झालं की गाईला घाला, आवडीने खाते. माणसाने खाल्ली तरी काही होत नाही."

"मग तसं लिहिलं का नाही?"

"लिहिलंय ना सर. वनस्पतिजन्य."

मी त्याला मुलीचं सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत गेला, मग फाटला. मग तो म्हणाला, "सर, गव्हाने कुणी आजारी पडतं हे मला आज तुमच्याकडून कळतंय. माझ्या घरी पण लहान मुलगी आहे." तो खोटं बोलत नव्हता. मला शिव्या द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि तेही मिळालं नाही. खोक्यावर आता गहू असं ठळक छापीन म्हणाला. छापलं की नाही, मी बघायला गेलो नाही.

डॉक्टरांनी ताटली हातात घेऊन उलटसुलट केली. "गरम वरण पडलं की थोडं सुटणार. वाईटच. पण रक्तातली पातळी इतकी वर जायला..." ते थांबले. "असो, बंद करा आणि बघू." ते अर्धवट वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा फक्त अक्का होती. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. आमच्याकडे आखाजीला सासरवाशीण माहेरी येते, ती साठीची झाली तरी. तिला आणायला भावाने जायचं असतं, भाऊ गेला नाही तर ती बाई गावात मान वर करून चालत नाही. मी शिंदखेड्याची गाडी धरली. पोचलो तेव्हा गावात लिंबाला झोके बांधलेले होते आणि माहेरी आलेल्या पोरी त्यांवर ओरडत होत्या. अक्का ओट्यावर बसून बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घालत होती.

मला पाहून तिने पाणी आणलं. मी तांब्या खाली ठेवला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ताटलीचं सांगितलं, पोरकिड्यांचं सांगितलं, कोंड्याचं सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा शिव्या घालेल. ती एकदम ताठ झाली.

"कोंडानी व्हती ती? गहूना कोंडानी?"

"हो."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. ती खाये रे ती पत्रावळ. रोज खाये. कडाना तुकडा तोडी तोडी खाये."

मला आधी कळलंच नाही.

मग तिने सांगितलं. ताटल्या आल्या त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने पाहिलं होतं, जेवण झाल्यावर पोर ताटलीची कड मोडून तोंडात टाकते आणि हळूहळू चघळते. उरलेली डब्यात तळाशी दडपून टाकते. अक्काने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "अक्का, याला पोळीची चव लागते. बाबांना सांगू नको."

"माले वाटनं, कागद शे," अक्का म्हणाली. "कागद खाईसन काय व्हस? पोरले पोळी नही, कागद ते खाऊ दे. मनीच चूक शे, भाऊ."

"मग मला सांगितलं का नाहीस? होळीला तुला मी इतकं बोललो, तेव्हा तरी?"

तिने एक बिबडी उचलून उलटी घातली. "पोर रडी ऱ्हायनी व्हती. मना तोंडाकडे देखी ऱ्हायनी व्हती. मी सांगं नही. तिले मी वचन दिधं व्हतं. आन तुना राग माले माहीत शे."

मला तिथे बसवेना आणि उठवेना. इतके महिने मी पेन्सिलीत, टूथपेस्टमध्ये, शेजारणीच्या शिऱ्यात गहू शोधत फिरलो. माझ्या घरातल्या दोन माणसांना तो कुठे होता ते दिसत होतं, आणि दोघींपैकी एकीचीही मला सांगायची छाती झाली नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी मी ती ताटली तपासली असती. कदाचित. की आधी पोरीला मारलं असतं? मी खरं बोलायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो, आधी मारलंच असतं.

"चल अक्का, आखाजीला चल."

"यंदा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी उनू ते पोरले वाटी, मी सांगी दिधं." ती आली असती तर पोरीला वाटलं असतं, अक्काने शब्द मोडला.

तिने मुलीसाठी ज्वारीच्या बिबड्या फडक्यात बांधून दिल्या आणि मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. गावातल्या बायका बघत होत्या, आखाजीला आलेला भाऊ रिकामा परत चाललेला. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि माझ्याबरोबर चालत राहिली.

घरी आलो तेव्हा मुलगी खिडकीशी बसली होती. स्टीलच्या नव्या ताटात वरण-भात कालवलेला, अर्धा तसाच. मी तिच्यासमोर खाली बसलो. ती ताटली खायची ते मला कळलंय, हे तिला सांगायचं नव्हतं, अक्काचा शब्द मोडला असता. दीड महिना या एवढ्याशा पोरीने ते पोटात ठेवलं होतं, अक्का डोळ्यांसमोरून निघून गेली तरी. मी होता होईल तेवढा हळू आवाज काढला आणि म्हणालो, "बेटा, तू कधी काही खाल्लंस, काहीही, तर मला सांगशील ना? मी रागावणार नाही."

तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

मग म्हणाली, "मी काहीच नाही खाल्लं, बाबा."

आता वजन थोडं वाढलंय, पातळी उतरते आहे. डॉक्टर दर तीन महिन्यांनी विचारतात, बाहेरचं काही खात नाही ना? मी तिच्याकडे बघतो, ती नाही म्हणून मान हलवते. ते खरं आहे की नाही, मला कळत नाही.